दिवाडीचा उतार

जुन्या गोव्यातील भव्य चर्चच्या इमारती पाहून झाल्या की बहुतेक प्रवासी पणजीचा रस्ता धरतात. एखादाच नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागतो. दोहो बाजूंना माड, मध्ये जांभ्या दगडाची एक जुनी कमान आणि कमानीपलीकडे एकाएकी मांडवीचे विस्तीर्ण पात्र. ही कमान १५९९ च्या सुमारास व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा याने आपला पणजोबा वास्को द गामा याच्या हिंदुस्थानातील आगमनाच्या शताब्दीचे स्मारक म्हणून उभारली. लिस्बनहून येणारा नवा व्हाइसरॉय या घाटावर उतरे आणि याच कमानीखालून शहरात प्रवेश करी. पुढे कमान मोडकळीस आली, आणि १९५४ मध्ये ती पुन्हा बांधून काढण्यात आली. आज त्या घाटावर कोणी व्हाइसरॉय उतरत नाही. उतरतात ती दिवाडी बेटावरची माणसे: कचेरीत जाणारे कारकून, शाळा-कॉलेजातील मुले, भाजीची टोपली घेतलेल्या बाया आणि लग्नाची पत्रिका वाटायला निघालेला एखादा यजमान.

पलीकडे दिसणारे हिरवे बेट ते दिवाडी. मध्ये पाणी म्हणाल तर एक विडा चघळून होईपर्यंत ओलांडून जावे इतकेच. परंतु एवढ्याशा पाण्याने या बेटाचा सारा इतिहास घडवला आहे. त्या पाण्याचे आणि ते ओलांडण्याच्या जागांचे वृत्त आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आपल्या भाषेत नदी ओलांडण्याच्या जागेला ‘उतार’ म्हणतात, नावेने ओलांडावयाची असेल तर ‘तर’ किंवा ‘तरी’ म्हणतात. गोव्यात ‘तारी’ हे आडनाव आहे, ते नाव चालवणाऱ्यांचे. ज्या प्रदेशात नावाड्याच्या धंद्याचे आडनाव होते, त्या प्रदेशात रस्त्यापेक्षा पाणी थोर असले पाहिजे, हे निराळे सांगावयास नको. पणजी आणि जुने गोवे ज्या तालुक्यात येतात त्याचे नाव तिसवाडी, म्हणजे तीस वाड्यांचा मुलूख. पोर्तुगीजांनी मात्र त्याला ‘इल्याश’, म्हणजे ‘बेटे’ असे सरळ नाव दिले. मांडवी आणि जुवारी यांच्यामध्ये वसलेली तिसवाडी आणि मांडवीच्या मुखाकडे विखुरलेली चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे, वांशी ही लहानमोठी बेटे मिळून हा मुलूख होतो. परक्याने दिलेले नाव पुष्कळदा चुकीचे असते. हे नाव चुकीचे नव्हते.

दिवाडीवर गोळती, नावेली, मालार, नार्वे अशी गावे आहेत. बेटाच्या मध्यभागी एक टेकडी. तिच्यावर पिएदादचे चर्च उभे आहे. सभोवार खाजन शेते. समुद्राच्या भरतीचे खारे पाणी नदीतून आत शिरते ते अडवण्यासाठी बांध घातलेले, आणि बांधांना लाकडी दारांच्या मानशी. भरतीला मानस मिटते, ओहोटीला उघडते. पावसाळ्यात शेतात भात होते आणि मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. हे बांध कोणा एका माणसाला राखता येत नाहीत. एकाच्या शेताशी बांध फुटला तर गावाचे पीक जाते. म्हणून गोव्यातील जुनी गावकारी, म्हणजे गावाच्या जमिनीची सामाईक व्यवस्था, येथे नुसती रूढी नव्हती. पाण्याच्या धाकाने ती टिकून राहिली होती. पाण्याने बेटाला जगापासून तोडले तसे बेटाच्या आत माणसांना एकमेकांशी बांधले, आणि कधी कधी भांडायलाही लावले. त्या भांडणाकडे पुढे येऊ.

पोर्तुगीजांपूर्वीची दिवाडी क्षेत्र म्हणून ओळखली जात होती. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्याचे देवालय दिवाडीवरील नार्वे येथे होते. सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने आपण राज्य करतो असे कदंब राजे आपल्या नाण्यांवर कोरवीत, तेव्हा या लहानशा बेटाचा महिमा केवढा होता याची कल्पना येईल. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी त्या देवालयाचा विध्वंस केला. पुढे विजयनगरचा मंत्री माधव याने गोवा जिंकून देवाची पुन्हा स्थापना केली. दुसरा विध्वंस १५४० मध्ये झाला. अफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा घेतला होता, आणि त्यानंतर तीस वर्षांनी तिसवाडीतील देवालये पाडण्याचा हुकूम झाला. सप्तकोटीश्वराचे देवालय त्यात गेले आणि त्या जागी एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले.

देव मात्र गेला नाही. तो पाणी ओलांडून गेला. परंपरा सांगते की भक्तांनी लिंग गुप्तपणे नदीपलीकडे नेले. पलीकडचा डिचोली महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. तेथे ज्या गावी देव राहिला त्याचेही नाव नार्वे. नदीच्या या काठी नार्वे, त्या काठी नार्वे. देवाबरोबर गावाचे नावही होडीत बसून पलीकडे गेले की काय, असे वाटते. पिएदादच्या टेकडीवर गणपतीचे देवालय होते, त्याचीही कथा तशीच. तो गणपती मुक्काम बदलत अखेर खांडोळे येथे स्थिरावला आणि आज महागणपती म्हणून पुजला जातो. टेकडीवरच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे. त्याच्या छतावरील कोरीव काम पाहिले की कदंबकाळच्या शिल्पकाराचा हात ओळखू येतो. ज्यांना नेता आले ते नेले; जे जड होते ते राहिले.

आता या नदीचे दुसरे रूप पाहा. १५४० पासून पुढे पोर्तुगीजांनी १७८१ मध्ये डिचोली घेईपर्यंत, म्हणजे दोनशे चाळीस वर्षांहून अधिक काळ, दिवाडी आणि पलीकडचे नार्वे यांच्यामधले पाणी ही दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे पोर्तुगालचा राजा, पलीकडे आदिलशहा, नंतर मराठे, नंतर सावंतवाडीकर भोसले. आपल्या बेळगाव भागातील श्रोत्यांना सरहद्द म्हणजे काय हे मी सांगावयास नको. सरहद्द नकाशावर रेघेसारखी दिसते. प्रत्यक्षात ती एक चौकी असते, चौकीवर एक शिपाई असतो, आणि त्याचा त्या दिवशीचा स्वभाव कसा आहे यावर आपला प्रवास अवलंबून असतो.

गोव्याच्या बेटांभोवती असे ‘पास’, म्हणजे उतार, ठरलेले होते. पणजी, धावजी, बाणस्तारी, आगशी ही त्यांतली प्रमुख नावे. एका उताराचे नाव तर ‘कोरडा उतार’ असेच होते, कारण ओहोटीच्या वेळी तेथून माणूस पायी जाऊ शके. प्रत्येक उतारावर कप्तान, कारकून आणि पहारा. डच प्रवासी लिन्स्कोटेन १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने आपल्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात या उतारांची हकीकत लिहून ठेवली आहे. तो सांगतो की पलीकडच्या मुलखात जाणाऱ्या देशी माणसाच्या उघड्या दंडावर एक छाप उठवीत. परत येताना तो छाप दाखवला तरच आत घेत, आणि त्याबद्दल दोन बझारुक द्यावे लागत. बझारुक म्हणजे अगदी हलके नाणे. पैसा थोडा होता. परंतु आपल्याच नदीवर, ज्या पाण्यात वाडवडील अंघोळ करीत आले, ते पाणी ओलांडण्यासाठी दंडावर छाप घेऊन उभे राहावयाचे, ही गोष्ट थोडी नव्हती. गोव्याच्या बाजारपेठेला भाजी, धान्य, लाकूड हे सारे पलीकडूनच येई. म्हणजे या छापाखेरीज त्या वैभवशाली शहराच्या चुली पेटल्या नसत्या.

आणि तरीही माणसे जात राहिली. कोणी पोटासाठी, कोणी देवासाठी, कोणी धर्मांतराच्या सक्तीतून सुटण्यासाठी. कुटुंबेच्या कुटुंबे या पाण्यावरून डिचोली, अंत्रुज, कोकण, कानडा या प्रदेशांत उतरली. गोव्याबाहेरच्या कितीतरी मराठी-कोकणी घराण्यांत आपला मूळपुरुष कोणत्या तरी रात्री नदी ओलांडून आल्याची आठवण सांगतात. कागदपत्र नसतो, साल नसते. रात्र, पाणी आणि होडी एवढेच उरलेले असते. इतिहासकाराला अशी साक्ष पुरत नाही हे मला ठाऊक आहे. पण इतक्या घरांतून एकच गोष्ट ऐकू येते तेव्हा ती अगदीच बाजूला सारता येत नाही.

या पलीकडच्या नार्व्याला १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी सप्तकोटीश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. शके १५९० च्या कार्तिक महिन्यात काम सुरू झाल्याचा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. या घटनेचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी होतो, परंतु देवळाची जागा कोठे आहे याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. देवळापासून नदी जवळ, नदीपलीकडे लगेच पोर्तुगीजांची दिवाडी, आणि दिवाडीच्या दुसऱ्या काठासमोर त्यांची राजधानी. ज्या बेटावरून देवाला जावे लागले त्या बेटाच्या समोरच देऊळ पुन्हा उभे राहिले. महाराजांना भूगोल कळत होता, एवढेच मी म्हणेन. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानासाठी आजही लोक जमतात.

नदीने माणसांना अडवले तसे राज्यांनाही अडवले. त्याचा सर्वांत मोठा प्रसंग शेजारच्या जुवे बेटावर घडला. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटीची वेळ साधून संभाजीराजांच्या मोजक्या माणसांनी जुव्याचा कोट घेतला. जुव्याहून जुने गोवे हाकेच्या अंतरावर. शहरात घंटा वाजू लागल्या, घबराट उडाली. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन बेटावर उतरला. त्याचा मोड झाला, तो जखमी झाला आणि कसाबसा पाण्याच्या वाटेने परतला. राजांनी त्याचा पाठलाग करीत घोडा पाण्यात घातला, भरती चढत होती, आणि खंडो बल्लाळाने त्यांचा घोडा आवरला, ही कथा सर्वांना माहीत आहे. इतिहासकार पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून या साऱ्या प्रकरणाची साधार मांडणी केली आहे. व्हाइसरॉयाने पुढे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड त्याच्या चरणी ठेवला. शहर वाचले ते थोडे मोगलांच्या आगमनामुळे, कारण शहाआलमची फौज कोकणात उतरत होती. आणि थोडे भरतीमुळे. ज्या पाण्याने दिवाडीच्या माणसाला दंडावर छाप घ्यायला लावला त्याच पाण्याने त्याच्या राज्यकर्त्यांचा जीव वाचवला. पाण्याला पक्ष नसतो.

आता बेटावरच्या दोन माणसांविषयी. एवढ्याशा बेटाने अशी दोन माणसे द्यावीत याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, आणि आपल्या मराठी वाचकाला ती फारशी परिचित नाहीत याची खंतही वाटते.

पहिला मातेउस द कास्त्रो. जन्म १५९४ च्या सुमारास, दिवाडीवरील नावेली येथे, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घरात. पाद्री व्हावे ही त्याची आकांक्षा. गोव्याच्या धर्मसत्तेने देशी माणसाला ती वाट मोकळी ठेवली नव्हती. तो थेट रोमला गेला. तेथे शिकला, दीक्षा मिळवली, आणि १६३७ मध्ये बिशप झाला. लॅटिन संप्रदायातील पहिला भारतीय बिशप म्हणून त्याची गणना होते. तो परत आला तेव्हा गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकारी त्याला मानीनात. मग त्याने काय करावे? तो नदीपलीकडे गेला. आदिलशाही मुलखात डिचोलीला राहिला आणि तेथून १६५३ मध्ये त्याने गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून एक लेख पाठवला, त्यात पोर्तुगीजांच्या अन्यायाविरुद्ध उठण्याची चिथावणी होती. आदिलशहाने गोव्यावर चाल करावी म्हणूनही त्याची खटपट होती असा पोर्तुगीजांचा आरोप होता. अखेर तो रोमला गेला आणि १६७७ मध्ये तेथेच वारला. त्याचा स्वभाव तापट होता असे म्हणतात. असेलही. परंतु आपले घर समोर दिसत असता सरहद्दीपलीकडे राहावे लागणाऱ्या माणसाच्या मनःशांतीचा हिशेब करताना थोडी सवलत द्यावी लागते.

दुसरा जाकोमे गोन्साल्विस. जन्म दिवाडीवरच, १६७६ मध्ये. हा भांडला नाही. हा दूर गेला. १७०५ मध्ये तो सिलोनला पोहोचला. तेथे डचांच्या अमलात कॅथलिक धर्माचरणाला बंदी होती. गोव्याच्या देशी पाद्र्यांची एक मंडळी त्या बंदीतही तेथे काम करीत होती. जाकोमे सिंहली शिकला, तामीळ शिकला, आणि त्या दोन्ही भाषांत इतके ग्रंथ लिहिले की सिलोनच्या कॅथलिक वाङ्मयाचा जनक म्हणून तेथे आजही त्याचे नाव घेतात. १७४२ मध्ये तो तिकडेच निवर्तला. दोघेही दिवाडीचे. एकाने नदी ओलांडली, दुसऱ्याने समुद्र ओलांडला. पण बेटाचा पहिला उतार दोघांनाही चुकला नसेल.

यानंतर समोरच्या काठाला उतरती कळा लागली. साथीमागून साथी आल्या. वस्ती विरळ होत गेली. व्हाइसरॉय १६९५ मध्ये पाणेलीच्या वाड्यात राहू लागले आणि १७५९ मध्ये पणजीला गेले. १८४३ मध्ये पणजीलाच नव्या गोव्याचा दर्जा मिळाला. घरे पडली, दगड नेले गेले, उरली ती चर्च आणि माडांची बाग. पिएदादच्या टेकडीवरून पाहिले म्हणजे कॅथेड्रल, सेंट कायतानचे घुमट आणि सेंट आगुस्तीनचा भग्न मनोरा एका नजरेत येतात. जो काठ एकेकाळी दिवाडीला हुकूम सोडत होता तो ओस झाला आणि दिवाडी मात्र नांदती राहिली. अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले टेकडीवरचे चर्च अजून भरते. समोरच्या काठावरच्या कित्येक चर्चच्या जागी आज नुसता पाया राहिला आहे. राजधानी गेल्यामुळे घाटाचे स्वरूप पालटले. जे दार राजाचे होते ते बेटवाल्यांचे झाले.

विसाव्या शतकात वल्ह्याच्या होड्यांच्या जोडीला ‘गॅझोलिन’ आली. पेट्रोलवर चालणाऱ्या लाँचला गोव्यात हे नाव पडले आणि ते एका पिढीच्या तोंडी चांगले रुळले. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय फौजा मांडवीच्या उत्तर काठावर बेतीला पोहोचल्या, तेव्हा समोर पणजी दिसत होती आणि मध्ये पूल नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिक नावांतून पार झाले. साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा शेवट होण्यासही उतार लागला. १९७० च्या सुमारास पणजीला मांडवीवर पूल झाला. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि पुन्हा काही वर्षे पणजी-बेतीच्या फेरीबोटींवर सारा भार पडला. पुलाची सवय झालेल्या शहराला तेव्हा कळले की बेटवाल्यांचे रोजचे जिणे कसे असते. १९९२ मध्ये नवा पूल झाला, आणि शहर ते विसरलेही.

दिवाडीला आज तीन उतार आहेत. एक जुन्या गोव्याहून, एक सांपेद्रहून, आणि एक त्या नार्व्याहून, जेथे एकेकाळी सरहद्द होती. सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या सपाट तळाच्या लोखंडी बोटी ये-जा करतात. पुढची फळी खाली पडते, मोटारी, मोटारसायकली, माणसे एकदमच बाहेर पडतात, आणि काठावर थांबलेली दुसरी फौज आत शिरते. पायी जाणाऱ्याला भाडे द्यावे लागत नाही. दंडावरच्या छापापासून या फुकट प्रवासापर्यंतचे अंतर मोजावयाचे तर चार शतकांहून अधिक भरेल.

फेरीबोटीने गावाला एक वळण लावले आहे. बेटावरचा माणूस घड्याळ पाहतो ते बोटीसाठी. शेजाऱ्याशी त्याचे वर्षभर बोलणे नसले तरी बोटीवर त्याच्याशेजारीच उभे राहावे लागते. मग पाऊस कधी येईल एवढे तरी बोलणे होते. बेटावर कोण आले आणि कोण गेले हे साऱ्यांना कळते, कारण सर्वांचे दार एकच. मुंबईला, आफ्रिकेला, आखाताला गेलेले बेटाचे पुत्र परत येतात तेव्हा त्यांचे स्वागत घरी होण्याआधी धक्क्यावर होते. नवरी बोटीने येते. शवपेटीही बोटीने येते, आणि तेव्हा मोटारसायकलींची यंत्रे कोणी न सांगता बंद होतात.

भांडणाविषयी सांगतो म्हणालो होतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर ‘बोंदेरा’चा उत्सव होतो. ‘बांदैरा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत निशाण. वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दींवरून तंटे होत, म्हणून हद्दींवर निशाणे रोवली गेली. विरुद्ध वाड्याचे लोक ती पाडीत. त्या तंट्याचे आता सोंग झाले आहे. वाडेकरी निशाणे घेऊन मिरवणूक काढतात आणि मुले वेळूच्या नळकांड्यांतून रानफळे उडवतात. या दिवशी बाहेरचा इतका लोंढा लोटतो की धक्क्यावर रांगा लागतात. हद्दीचे भांडण पाहण्यासाठी हद्दीबाहेरचे लोक येतात, आणि बेटवाले त्यांना सामावून घेतात. वर्षातून एक दिवस ते शोभते. रोजच तसे झाले तर काय, हा प्रश्न त्यांच्या मनात असतो आणि तो खोटा नाही.

कारण पुलाचा प्रश्न. जुवे, कुंभारजुवे ही शेजारची बेटे पुलांनी जोडली गेली. दिवाडीला पूल नाही. पूल व्हावा हा सूर आहे, होऊ नये हा त्याहून मोठा आहे. १९९८ मध्ये संपूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे दिवाडीच्या खाजनांवरून धडधडत जाते. स्टेशन नाही, ती थांबत नाही. मुंबईहून येणारा बेटवाला खिडकीतून आपला गाव पाहतो, पुढे करमळीला उतरतो, आणि मग फेरीबोटीने मागे येतो. ही गंमत सांगताना लोक हसतात. पण त्या हसण्यात पूल नको म्हणणारेही असतात आणि हवा म्हणणारेही.

या वादात बाहेरच्याने न्यायाधीशाचा आव आणू नये. आम्ही एक दिवस जातो, माड पाहतो, बोटीवर वारा खातो आणि ‘पूल होऊ देऊ नका हो’ असे सांगून परततो. रात्री एखाद्या बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, बोट पलीकडच्या काठाला आहे आणि पाऊस कोसळतो आहे, अशी वेळ आमच्यावर येत नाही. त्याचप्रमाणे पूल झाल्यावर जमिनीचे भाव चढतील, खाजने भरली जातील, बांध राखणारी माणसे विकत घेणाऱ्यांपुढे टिकणार नाहीत, ही भीती बाळगणाऱ्याला अडाणी म्हणणेही अन्यायाचे. त्याने समोरच्या काठावर एक अख्खे शहर वाढताना आणि नाहीसे होताना पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. मला एवढेच वाटते की पूल होवो वा न होवो, बोटी पुरेशा असणे, त्या नीट चालणे आणि रात्रीबेरात्री आजाऱ्याला घेऊन निघणे हे कोणाच्याही मताशी बांधलेले नसावे. ‘तुम्हाला पूल नको ना, मग बोटीची तक्रार करू नका’ असे बोलणे मी स्वतः ऐकले आहे. त्या बोलण्यात मला जुन्या उतारावरच्या कप्तानाचा आवाज ऐकू आला.

मागच्या वेळी मी परतीच्या बोटीवर होतो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ओहोटी लागली होती, काठाचा चिखल उघडा पडला होता. एक म्हातारी गृहस्थीण, अंगावर जुन्या वळणाचा फ्रॉक, हातात पावाची पिशवी, धक्क्यावर उभी राहून बोट सुटताना पाहत होती. तिला जायचे नव्हते. बोटीवरच्या एका मुलाने विचारले, “मावशी, कोणाची वाट पाहता?” ती म्हणाली, “कोणाची नाही रे. सकाळची माणसे आली का, बघायला येते.” मग तिने मोजल्यासारखे उतरलेल्या माणसांकडे पाहिले, आणि टेकडीकडच्या रस्त्याने ती हळूहळू चालू लागली. फळी वर उचलली गेली, यंत्र गुरगुरले आणि आम्ही कमानीच्या दिशेने निघालो.